पुलाच्या अलीकडे

अकरा वर्षे मी रात्रपाळी केली. पोलादी इमारतींचे तपशीलवार नकाशे काढण्याचे माझे काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कंपन्यांसाठी असते, आणि पुण्यात राहून ते करायचे म्हणजे संध्याकाळी सातला संगणक सुरू करून पहाटे तीन-चारला बंद करायचा, हे ठरलेले होते. चाळिशी जवळ आली तशी झोप कायमची विस्कटली, रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर दिनक्रम बदलण्याची सक्त ताकीद दिली. काम सोडणे परवडणारे नव्हते. माझे पती अमेरिकेतल्या भारतीय मुलांना गणित शिकवतात, तेही ऑनलाइनच, म्हणजे त्यांचीही रात्र माझ्याबरोबर जात होती. न्यूयॉर्कच्या घड्याळाला जवळचे, आमच्या मिळकतीत दोघांना नीट राहता येईल असे, आणि भारतीय पासपोर्टावर रीतसर वास्तव्याचा परवाना मिळू शकेल असे ठिकाण आम्ही वर्षभर शोधत होतो. त्या शोधातून पॅराग्वेच्या दक्षिण टोकाचे एन्कार्नासिओन हे शहर पुढे आले, आणि दिल्लीतल्या पॅराग्वेच्या वकिलातीतून व्हिसा घेऊन मार्च 2023 मध्ये आम्ही तिथे पोहोचलो. तेव्हापासून ओळखीचे लोक फोन करून एकच प्रश्न विचारतात, की तिथे खरोखर स्वस्त आहे का. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एन्कार्नासिओन हे इतापुआ प्रांताचे मुख्य ठिकाण. समोरच्या काठावर अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांताची राजधानी पोसादास आहे. मध्ये पाराना नदी आणि तिच्यावर सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा पूल, जो 1990 मध्ये वाहतुकीला खुला झाला. पुलाला रोके गोन्सालेस दे सान्ता क्रूस या येशू संघाच्या धर्मगुरूंचे नाव दिलेले आहे. 1615 मध्ये या गावाची स्थापना त्यांनी केली, 1988 मध्ये पोपनी त्यांना संतपद दिले, आणि पॅराग्वेच्या एक लाख ग्वारानीच्या नोटेवर चित्रही त्यांचेच आहे. आमच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे आंब्याचे झाड असलेल्या घराचे भाडे महिना बावीस लाख ग्वारानी ठरले, त्यामुळे पहिले भाडे मोजून देताना बावीस वेळा तो चेहरा माझ्या हातातून गेला. त्या वेळी एका रुपयाला साधारण 88 ग्वारानी मिळत, म्हणजे हे भाडे पंचवीस हजार रुपयांच्या घरात होते. पुण्यात कोथरूडला याहून लहान जागेला आम्ही याहून जास्त मोजत होतो.

पहिल्या आठवड्यातच घरमालकीणबाईंनी बाजारहाटाची माहिती दिली, आणि त्या माहितीत एन्कार्नासिओनच्या दुकानांची नावे अगदी थोडी होती. तेल, साखर, पीठ, साबण, टायर, गाडीतले पेट्रोल, सगळे पुलापलीकडून आणायचे. अर्जेंटिनाचा पेसो त्या वर्षी इतका घसरत होता, की ग्वारानी घेऊन पोसादासला गेलेला माणूस निम्म्या पैशांत पिशव्या भरून परत येत असे. आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा पलीकडे जात होती. इकडचे दुकानदार मात्र दारात खुर्ची टाकून बसलेले दिसत, कारण गिऱ्हाईक नदी ओलांडून गेलेले असे. त्या काळात ज्याने या शहराचा खर्च लिहून ठेवला असेल, त्याच्या आकड्यांत अर्धे पोसादास मिसळलेले असणार.

आमच्या खर्चात ते मिसळले नाही, कारण आम्हाला पूल ओलांडता येत नव्हता. पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचे नागरिक नुसते ओळखपत्र दाखवून ये-जा करतात. आमच्या पासपोर्टावर अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो, आणि हातात पॅराग्वेचा परवाना नसताना दुसऱ्या देशाचा व्हिसा मागायला जाणे शहाणपणाचे नव्हते. संध्याकाळी आम्ही कोस्तानेरावर, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावर, फिरायला जायचो. तिथून पोसादासच्या उंच इमारतींचे दिवे स्पष्ट दिसत. एखाद्या जागी मोबाइलला पलीकडचा टॉवर मिळे आणि घड्याळ एकदम तासभर पुढे जाई, कारण हिवाळ्यात तेव्हा पॅराग्वेची वेळ अर्जेंटिनाच्या एक तास मागे असायची. (ऑक्टोबर 2024 पासून पॅराग्वेने घड्याळ मागेपुढे करणे बंद केले, आता दोन्ही काठांवर बारा महिने एकच वेळ असते आणि भारत आमच्या साडेआठ तास पुढे आहे.) सीमेवरच्या शहरात राहायला येणाऱ्या भारतीयाने ही गोष्ट सर्वांत आधी मनाशी पक्की करावी: शेजाऱ्यांना जो पूल रस्त्यासारखा आहे, तो आपल्याला बरेच महिने नुसता दिसत राहतो.

आता परवान्याविषयी. पूर्वी पॅराग्वेत बँकेत ठरावीक रक्कम ठेवून थेट कायम वास्तव्य मिळत असे, आणि त्या जुन्या माहितीवर विसंबून आजही अनेक जण निघतात. 2022 मध्ये स्थलांतराचा नवा कायदा आला. त्यानुसार आधी जास्तीत जास्त दोन वर्षांचे तात्पुरते वास्तव्य घ्यावे लागते आणि त्यानंतर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. कागद फार नाहीत. जन्माचा दाखला आणि भारतातले पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्र, दोन्ही अपॉस्टिल केलेले. तिथल्या अधिकृत भाषांतरकाराने केलेले त्यांचे स्पॅनिश भाषांतर. राजधानी आसुन्सिओनला इंटरपोलच्या कार्यालयात बोटांचे ठसे देऊन मिळणारा दाखला. आणि देशाचे कायदे पाळण्याचे प्रतिज्ञापत्र. अपॉस्टिल म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दाखल्याच्या खरेपणाची दिलेली ग्वाही. महाराष्ट्रातल्या जन्मदाखल्यावर त्याआधी मंत्रालयातले साक्षांकन लागते. हे सगळे आम्ही पुणे सोडण्याआधी करून घेतले होते, दोघांच्या दोन फायली प्लास्टिकच्या पाकिटांत घालून आणल्या होत्या, आणि काम दोन महिन्यांत होईल असा आमचा अंदाज होता.

स्थलांतर कार्यालयात पतींची फाईल एका दिवसात दाखल झाली. माझी परत आली.

त्या दिवशी खिडकीपलीकडे बसलेल्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी माझा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारीशेजारी ठेवले आणि दोन्हींवर पेन्सिलीने हलक्या खुणा केल्या. जन्मदाखल्यावर माझे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. पासपोर्टवर माझे नाव, पतींचे नाव आणि सासरचे आडनाव. तीन शब्दांपैकी एकच जुळत होता. पॅराग्वेत माणसाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडून आणि एक आईकडून, आणि ती जन्मभर राहतात. लग्न झाल्यावर एखादी बाई नवऱ्याचे आडनाव फार तर पुढे जोडते, पण तिचे मूळ आडनाव पुसले जात नाही. मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर ते नवऱ्याचे होते, हे मी माझ्या तुटक्या स्पॅनिशमध्ये समजावून सांगितले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर आमच्या कुटुंबाची वंशावळ काढली, माझ्या नावाभोवती वर्तुळ केले आणि शांतपणे विचारले, "मग या कागदावरची मुलगी आणि या कागदावरची बाई एकच आहे, हे कोणता कागद सांगतो?"

तो कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो आम्ही आणला नव्हता. पासपोर्टवर पतीचे नाव आहे तेवढे पुरेल, असे आम्ही गृहीत धरले होते. आमचे लग्न तासगाव तालुक्यातल्या सासरच्या गावी झाले होते आणि नोंदणी ग्रामपंचायतीत झाली होती. दाखल्याची जुनी प्रत घरी होती. तिचे रकाने मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले, पण भरलेले सगळे मराठीत, निळ्या शाईच्या सुरेख हस्ताक्षरात. पॅराग्वेत इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये भाषांतर करणारे अधिकृत भाषांतरकार मिळतात. मराठीवरून करणारे मिळण्याची काही शक्यताच नव्हती. त्यामुळे धाकट्या दिरांनी गावी जाऊन नव्याने प्रत काढली, तिच्यात इंग्रजी नोंदी करून घेतल्या, ती मुंबईला मंत्रालयात नेली, मग अपॉस्टिल, मग कुरिअर. ज्वारीची काढणी, शाळेतली त्यांची नोकरी आणि दोन सुट्ट्या यांतून वाट काढत हे काम पुरे व्हायला साडेचार महिने लागले. दिरांनी एकदाही कंटाळा दाखवला नाही, आणि त्यांचे ऋण मी जन्मभर मानेन.

मधल्या काळात माझ्या पोलिस क्लिअरन्सची मुदत संपली. सुदैवाने भारताचा दूतावास आसुन्सिओनला 2022 मध्ये सुरू झाला होता. त्याआधी पॅराग्वेचा कारभार अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, ब्युनोस आयर्सच्या आपल्या दूतावासाकडे होता, म्हणजे तीच वेळ दोन वर्षे आधी आली असती तर मला जो पूल ओलांडता येत नव्हता, त्याच्या पलीकडे कागदासाठी जावे लागले असते. दूतावासातून नवे प्रमाणपत्र घेतले, त्यावर पॅराग्वेच्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर घेतली आणि ते फाईलला जोडले. या देशाकडे निघणाऱ्या विवाहित मराठी बाईला माझे कळकळीचे सांगणे आहे, की विवाहाचा दाखला इंग्रजी नोंदींसह, अपॉस्टिल करून, दोन प्रतींत जवळ ठेवा; आणि पोलिस क्लिअरन्स निघण्याच्या अगदी तोंडावर काढा, म्हणजे त्याची मुदत तिथे गेल्यावर कामी येईल.

एन्कार्नासिओन ते आसुन्सिओन हे अंतर सुमारे 370 किलोमीटर आहे, बसने सहा तासांचे. या कामासाठी मी तो प्रवास पाच वेळा केला. पहाटेची बस कोरोनेल बोगादो या गावी थांबली, की डोक्यावर पांढऱ्या फडक्याने झाकलेली टोपली घेऊन बायका आत येतात आणि बसभर गरम चिपाचा वास पसरतो. चिपा म्हणजे मान्दिओकाच्या सत्त्वात चीज, अंडी आणि बडीशेप घालून भट्टीत भाजलेले कडे. वरून कडक आणि आतून चिवट. बाहेरचा पापुद्रा मोडला की आतली वाफ बोटांना चटका देते, आणि तरी थांबवत नाही. कागद परत आले त्या दिवशी येताना मी एकही शब्द बोलले नव्हते. शेजारच्या आजींनी विचारपूस न करता अर्धा चिपा माझ्या हातावर ठेवला होता.

ही मान्दिओका म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा करतो तो कंद. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचे हे हजारो वर्षांचे पीक, पोर्तुगिजांनी ते जगभर नेले, आणि आपल्या उपवासाच्या ताटात ते कसे येऊन बसले याचा मला पूर्वी कधी विचार करावा लागला नव्हता. इथे ती उकडून भाकरीच्या जागी खातात; प्रत्येक जेवणात एका ताटलीत तिचे पांढरे तुकडे वाफाळत असतात. तिच्या सत्त्वात चीज आणि थोडी चरबी चोळून तव्यावर थापतात, त्याला म्बेजू म्हणतात. पहिल्यांदा घरमालकीणबाईंना ते करताना पाहिले तेव्हा त्यांची बोटे पीठ थापताना ज्या तऱ्हेने कडेने फिरत होती, ती पाहून मला माझी आई थालीपीठ लावताना दिसली. एकादशीला मी उकडलेली मान्दिओका, दाण्याचे कूट, जिरे आणि हिरवी मिरची तुपावर परतते. साबुदाण्याची खिचडी त्याने विसरायला होत नाही, पण उपवास चांगला होतो. डाळींमध्ये मसूर आणि छोले सहज मिळतात. जपानी वसाहतींमधून, विशेषतः पिरापो भागातून येणारी भाजी उत्तम असते. तूरडाळ आणि गोडा मसाला मात्र कोणी भारतातून येणारे असेल तरच.

माणसांत मिसळायला तेरेरेने मदत केली. येर्बा माते या झाडाच्या पानांचा भरडा, त्यावर बर्फाचे पाणी, ग्वाम्पा नावाचे शिंगाचे किंवा लाकडाचे पात्र आणि धातूची चाळणी असलेली नळी, एवढीच सामग्री. पण 2020 मध्ये युनेस्कोने या प्रथेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते उगाच नव्हे. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला कोपऱ्यावर औषधी मुळ्यापाने विकणारी बाई लाकडी उखळात पुदिना आणि आणखी दोन-तीन पाने ठेचत असते. तो ठोक्यांचा आवाज आमच्या खलबत्त्यासारखाच आहे. तुम्ही पोटाचे दुखणे सांगा, झोप येत नाही म्हणा, ती त्याप्रमाणे पाने बदलते. ठेचलेली पाने थर्मासच्या पाण्यात जातात आणि तो थर्मास दिवसभर माणसाच्या काखेत राहतो. घोळक्यात एकच जण वाढणारा असतो. तो पात्र भरून एकेकाला देतो, घेणारा पिऊन त्यालाच परत करतो. परत करताना "ग्रासियास" म्हणायचे नसते. म्हटले तर त्याचा अर्थ आता पुरे असा होतो. मी पहिल्या दिवशी सवयीने आभार मानले आणि पुढच्या फेऱ्यांत पात्र माझ्याकडे आलेच नाही. मला वाटले माझे काही चुकले, आणि मी उठून घरी आले. घरमालकीणबाई संध्याकाळी मुद्दाम समजावून सांगायला आल्या. त्यानंतर मी आभार मानायचे थांबवले आणि माझी जागा पक्की झाली.

त्यांच्यामुळेच मला ग्वारानी भाषेची गोडी लागली. 1992 च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर ग्वारानीलाही राजभाषा केले आहे, पण घटनेने सांगण्याची गरजच नव्हती. इथे लोक एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळून बोलतात. भाव करताना स्पॅनिश, रागावताना आणि लाड करताना ग्वारानी. या भाषेत आपल्या मराठीसारखे एक रत्न आहे. स्पॅनिशमध्ये किंवा इंग्रजीत आम्ही आणि आपण यांना एकच शब्द पुरतो. ग्वारानीत दोन आहेत: ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर "न्यान्दे", त्याला वगळून बोलायचे तर "ओरे". माझ्या ग्वारानीच्या वर्गातल्या अमेरिकी बाईला हा फरक समजायला आठवडा लागला. मला तो शिकवणाऱ्या बाईंचे वाक्य पुरे होण्याआधीच समजला, आणि परक्या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा मराठी ही माझी अडचण न होता मदत झाली.

"ओरे" हा शब्द मी सर्वांत जास्त वेळा ऐकला तो नदीकडे बोट करून उच्चारलेला. आजचे देखणे कोस्तानेरा, वाळू टाकून केलेले स्नानकिनारे, उन्हाळ्यात तिथे येणारी गर्दी आणि दरवर्षीचा कार्निव्हल, हे सारे ज्या पाण्याच्या काठी आहे ते पाणी धरणाचे आहे. पॅराग्वे आणि अर्जेंटिनाने मिळून बांधलेल्या यासिरेता धरणाची पातळी 2011 मध्ये समुद्रसपाटीपासून 83 मीटरपर्यंत नेण्यात आली आणि शहराचा सखल भाग, ज्याला सोना बाखा म्हणत, पाण्याखाली गेला. जुना बाजार तिथेच होता. घरमालकीणबाईंच्या वडिलांचे कापडाचे दुकान त्यात होते. व्यापाऱ्यांना पुलाजवळ नवे गाळे देण्यात आले, पण वडील त्या गाळ्यात फक्त एक दिवस बसले, असे त्या सांगतात. एका संध्याकाळी त्यांनी किनाऱ्यावरून पाण्यात एका दिशेला हात केला, "ओरे तावा" म्हणाल्या, म्हणजे आमचे गाव, आणि तिथल्या दुकानांची नावे रांगेने सांगत गेल्या, जणू दुकानांपुढून चालत आहेत. मी सांगली जिल्ह्यातली आहे. वारणेच्या, कोयनेच्या धरणग्रस्तांची मुले माझ्या वर्गात होती, आणि त्यांच्या घरी मोठी माणसे बुडालेल्या गावातल्या देवळाच्या पायऱ्या अशाच मोजत असत. मी ते त्यांना सांगितले. त्यांनी देवळाचे नाव विचारले. मला ते आठवले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

डिसेंबर 2023 मध्ये माझे तात्पुरते वास्तव्य मंजूर झाले आणि फेब्रुवारीत सेदुला, म्हणजे ओळखपत्र, हातात आले. त्यासाठी राहत्या पत्त्याचा पोलिस ठाण्याचा दाखला लागतो. शिपाई घरी येऊन, मी खरोखर तिथे राहते हे पाहून गेला. सेदुला नसताना बँकेत खाते उघडत नव्हते आणि प्रत्येक पैशाच्या व्यवहारासाठी कोणाची तरी मदत लागत होती, ते एका आठवड्यात संपले. त्याच सुमारास माझी झोप सुधारली. सकाळी सातला काम सुरू, दुपारी बारा ते तीन सगळे शहर झोपते तेव्हा आम्हीही आडवे होतो, संध्याकाळी पाचला संगणक बंद. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. या एका गोष्टीसाठी मी एवढे कागद पुन्हा गोळा करीन.

गैरसोयींचेही नीट सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि नेमकी तेव्हा वीज जाते. बहुतेक सगळी वीज जलविद्युत असून स्वस्त आहे, पण घरापर्यंत येणाऱ्या तारा तो भार पेलत नाहीत. मी दुहेरी बॅटरी घेतली, तिचा खर्च धरावा. हिवाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की एका रात्रीत तापमान तीन-चार अंशांवर येते, आणि घरे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असल्याने फरशी बर्फासारखी लागते. स्पॅनिशवाचून इथे काही चालत नाही. इंग्रजी जाणणारा माणूस शोधावा लागतो. आणि मराठी बोलायला आम्ही दोघेच आहोत.

आता पुन्हा स्वस्ताईकडे येते. डिसेंबर 2023 मध्ये अर्जेंटिनात सरकार बदलले, पेसोचे मोठे अवमूल्यन झाले, आणि त्यानंतरच्या वर्षभरात तिथल्या किमती इतक्या चढल्या की डॉलरच्या हिशेबाने पोसादास महाग झाले. 2025 उजाडेपर्यंत चित्र उलटे झाले होते. आता पलीकडची माणसे कपडे, मोबाइल, टायर, घरातली यंत्रे घ्यायला इकडे येतात. शनिवारी पुलावर मोटारींची रांग लागते. जे दुकानदार दारात खुर्ची टाकून बसत, त्यांनी मुलांनाही मदतीला उभे केले आहे. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र कुरकुर करतात, कारण गर्दीमुळे इकडचे भाव चढले आणि पलीकडे जाण्यात अर्थ उरला नाही. आमचे भाडे सव्वीस लाख झाले. घरमालकीणबाईंना ते सांगताना अवघड वाटत होते. मला त्यात गैर वाटले नाही. समोरच्या घराच्या हिशेबाने त्यांना तीस लाख मिळाले असते.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी हल्ली आकडा सांगताना साल सांगते, आणि त्या साली नदीच्या कोणत्या काठावर खरेदी होत होती तेही सांगते. दोघांचा आमचा महिन्याचा खर्च, भाडे धरून, 2023 मध्ये पंचावन्न हजार रुपये होता आणि आता सत्तरच्या पुढे आहे. पुण्यापेक्षा तो अजूनही फार नाही. पण जो माणूस दोन वर्षांपूर्वीचा आकडा खिशात घालून येईल, त्याची पहिल्याच महिन्यात ओढाताण होईल, आणि येणाऱ्याचे तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

अर्जेंटिनाची वकिलात एन्कार्नासिओनमध्येच आहे. सेदुला, बँकेचे कागद आणि कामाचे करारपत्र घेऊन मी तिथे गेले आणि यथावकाश व्हिसा मिळाला. मे 2025 मध्ये, इथे आल्यापासून दोन वर्षे आणि दोन महिन्यांनी, मी पूल ओलांडला. पतींची शिकवणी होती, म्हणून घरमालकीणबाई बरोबर आल्या. 2014 च्या अखेरीस सुरू झालेली छोटी रेल्वे दोन्ही शहरांमध्ये धावते. प्रवास सात-आठ मिनिटांचा. नदी खिडकीखालून इतक्या चटकन सरकली की मी पाहायचे ठरवलेले निम्मे पाहायचे राहिले. पोसादासमध्ये आम्ही काठावर बसून कॉफी घेतली. घ्यायचे असे काही नव्हते, सगळे इकडेच स्वस्त होते, तरी बाईंनी जुन्या सवयीने पिठाचे एक पाकीट घेतले. पलीकडून आमचे शहर मी पहिल्यांदा अख्खे पाहिले: पाण्यालगतचा वाळूचा पट्टा, त्यावरचे दिवे, आणि मागे चढत गेलेली घरे. बाईंनी तिथूनही पाण्यातली त्यांच्या दुकानाची जागा मला दाखवली.

परतीच्या गाडीची वेळ झाली, दिवे लागले. बाईंनी पिठाचे पाकीट पिशवीत सारले, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "जाहा न्यान्दे रोगापे." चला, आपल्या घरी.